तह आधी, सभागृह मागाहून?

युरोपीय संघाच्या मूळ तहांत फेरफार करावयाचा झाल्यास त्याची चर्चा संसदांनी करावी की नाही, आणि करावयाची तर केव्हा व कितपत, या प्रश्नावर मुत्सद्द्यांच्या आणि त्यांच्या लेखणीबहाद्दर समर्थकांच्या वर्तुळात एक मत इतके रूढ होऊन बसले आहे की, त्याच्या मंडनासाठी युक्तिवाद करण्याचे कष्टही आता कोणी घेत नाही. ते मत असे: तह करणे हे सरकारांचे काम, वाटाघाटी बंद दाराआडच व्हावयाच्या, कारण चव्हाट्यावर कोणीही सवलत देत नाही, सत्तावीस राष्ट्रांच्या ओढाताणीतून कसाबसा जुळवून आणलेल्या मसुद्यातील एक स्वल्पविरामही कोणा एका सभागृहाला हलविता येणार नाही, सबब सभागृहांनी अखेरीस होकार अगर नकार द्यावा आणि तोवर स्वस्थ बसावे. युरोपीय संसदेने सुधारणांचे ठराव केलेच तर ते सदिच्छापत्र समजून दप्तरी दाखल करावेत, आणि एखाद्या राष्ट्रीय संसदेने हट्ट धरलाच तर तिला अडवणुकीचा दोष द्यावा. हे मत मला सर्वथैव अमान्य आहे. इतकेच नव्हे, तर त्याच्या समर्थनार्थ जे ऐतिहासिक दाखले नेहमी पुढे केले जातात, ते नीट तपासले असता त्याच्याच विरुद्ध साक्ष देतात, असे माझे म्हणणे आहे.

मराठी वाचकाला हा पूर्वपक्ष प्रथमदर्शनी पटण्याजोगा वाटेल, याची मला जाणीव आहे, कारण आपल्या राज्यव्यवस्थेतही शिरस्ता तोच आहे. परराष्ट्रांशी करारमदार करण्याचा अधिकार आपल्याकडे कार्यकारी सत्तेचा असून, संसदेच्या वाट्याला घटनेच्या २५३ व्या कलमान्वये त्या करारांच्या अंमलबजावणीपुरता कायदा करण्याचे काम येते. १९९४ च्या एप्रिल महिन्यात माराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताच्या वतीने सही झाली, तेव्हा देशात वादंग पुष्कळ माजले, पण त्या सहीसाठी संसदेच्या मंजुरीची कायद्याने गरज नव्हती. ब्रिटिश राजाच्या विशेषाधिकाराची ही वहिवाट आहे, आणि जोवर तह म्हणजे दोन दरबारांनी आपसांत ठरविलेली हद्द, खंडणी किंवा लष्करी मदत, तोवर ती वहिवाट अगदीच अडाणीपणाची होती असे म्हणता येणार नाही. अशा तहाचा भार राजाच्या खजिन्यावर आणि फौजेवर पडे. रयतेच्या दैनंदिन व्यवहारात तो क्वचितच डोकावे.

युरोपचे तह या जातीचे नाहीत, आणि सगळ्या वादाचे मूळ येथेच आहे. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे सहा राष्ट्रांनी सह्या केल्या तेव्हा कदाचित त्यांच्या प्रतिनिधींनाही आपण जुन्याच पद्धतीचा एक करार करीत आहोत असे वाटले असेल. परंतु १९६३ साली, पश्चिम जर्मनीतून रसायन आणणाऱ्या एका डच वाहतूक कंपनीने वाढीव जकातीविरुद्ध दाद मागितली असता, लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने असा निवाडा दिला की, तहाने केवळ सरकारांवर बंधने घातलेली नसून व्यक्तींना थेट हक्क दिले आहेत, आणि ते राष्ट्रीय न्यायालयांत बजावून घेता येतात. पुढच्याच वर्षी मिलानमधील एका वकिलाने विजेचे क्षुल्लक रकमेचे बिल भरण्याचे नाकारले आणि इटलीच्या वीज-राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला तहाच्या आधारे आव्हान दिले. वकिलाच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही, पण त्या निमित्ताने न्यायालयाने युरोपीय कायदा राष्ट्रीय कायद्याहून श्रेष्ठ असल्याचे घोषित केले. या दोन निवाड्यांनंतर तहाच्या एका कलमातील बदल म्हणजे सहा, बारा, पुढे सत्तावीस देशांतील व्यापारी, कामगार, शेतकरी आणि ग्राहक यांच्यावर बंधनकारक होणारा, आणि त्यांच्याच संसदेला साध्या कायद्याने मागे न घेता येणारा नियम, असा अर्थ झाला. ज्या दस्तऐवजाचे परिणाम राज्यघटनेचे आहेत, त्याची घडण मात्र राजदूतांच्या टिपणवहीत व्हावी आणि लोकप्रतिनिधींनी ती छापून आल्यावर वाचावी, हे म्हणणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवू पाहण्यासारखे आहे.

या मुद्द्याला प्रतिपक्षाचे उत्तर तात्त्विक नसते. ते लगेच १९५४ कडे बोट दाखवितात. त्या वर्षी ३० ऑगस्ट रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने युरोपीय संरक्षण समुदायाचा, म्हणजे सामाईक सैन्याचा, तह ३१९ विरुद्ध २६४ मतांनी उडवून लावला. पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग यांनी मान्य केलेला, आणि मूळ फ्रान्सच्याच पंतप्रधानाने, रने प्लेव्हेन यांनी, सुचविलेला हा तह फ्रान्सच्याच सभागृहात बुडाला. त्याच्यापाठोपाठ युरोपीय राजकीय समुदायाचा मसुदाही गतप्राण झाला. आणि तहविरोधी सभासदांनी उठून राष्ट्रगीत गायिले. संसदेच्या हाती तह दिला की काय होते याचा हा धडा, असे गेली सत्तर वर्षे सांगितले जात आहे.

पण त्या दिवशी झाले काय? सभेने तहाचा साधकबाधक विचार करून तो नामंजूर केलाच नाही. जनरल ओमेराँ यांनी एक पूर्वप्रस्ताव मांडला, ज्याचा आशय इतकाच की या विषयाची चर्चा पुढे चालवू नये. तो प्रस्ताव संमत झाला, आणि तहाच्या गुणदोषांवरील उरलेली भाषणे होऊच शकली नाहीत. म्हणजे संसदेच्या चर्चेने तह मोडल्याचा जो दाखला म्हणून मिरविला जातो, तो वास्तविक चर्चा तोडून टाकल्याचा दाखला आहे. आणि ती वेळ का आली, हेही पाहावे. फेब्रुवारी १९५२ मध्ये, सहीपूर्वी, याच सभेने या योजनेवर चर्चा करून, अटी घालून, तिला तत्त्वतः पाठिंबा दिला होता. २७ मे रोजी पॅरिसमध्ये सह्या झाल्या, आणि त्यानंतर पिने, मायेर, लानिएल असे एकामागून एक पंतप्रधान आले आणि गेले, पण तह मंजुरीसाठी सभेच्या मतास टाकण्याचे धैर्य त्यांपैकी एकालाही झाले नाही. सव्वादोन वर्षे तो तसाच पडून राहिला. तेवढ्या अवधीत स्टालिन मरण पावला, कोरियात शस्त्रसंधी झाली, दिएन बिएन फूचा पाडाव झाला, आणि ज्या भीतीच्या छायेत तहाचा जन्म झाला होता ती भीतीच विरळ झाली. अखेरीस पंतप्रधान पिएर मेंडेस-फ्रान्स यांनी तो सभेपुढे आणला, पण त्यावर आपल्या सरकारचे भवितव्य पणाला लावले नाही. त्याआधी ब्रुसेल्स येथे इतर पाच राष्ट्रांकडे त्यांनी जे फेरबदल मागितले, तेही नाकारले गेले होते. या सगळ्या प्रकरणात दोष कोणाचा? ज्या सभागृहाने वेळेवर मत दिले होते त्याचा, की त्या मताला सव्वादोन वर्षे दाराबाहेर बसवून ठेवणाऱ्या सरकारांचा? पुढची हकिकत तर प्रतिपक्ष सांगतच नाही: चारच महिन्यांनी, १९५४ च्या डिसेंबरात, त्याच सभेने, कुरकुरत का होईना, पश्चिम जर्मनीच्या शस्त्रसज्जतेला नव्या करारांच्या रूपाने मान्यता दिली, आणि १९५५ च्या जूनमध्ये मेसिना येथे सहा परराष्ट्रमंत्री पुन्हा एकत्र बसून रोमच्या वाटेला लागले. आभाळ कोसळले नाही.

आता दुसरा आक्षेप, की युरोपीय संसदेचे सुधारणा-ठराव म्हणजे निव्वळ मनोरथ. याला उत्तर म्हणून आल्तिएरो स्पिनेल्ली या एका गृहस्थाचे चरित्र पुरेसे आहे. मुसोलिनीच्या अमदानीत तुरुंग आणि स्थानबद्धता भोगलेल्या या इटालियन माणसाने १९४१ साली व्हेन्तोतेने बेटावर एर्नेस्तो रोस्सी यांच्यासह संयुक्त युरोपचा जाहीरनामा लिहिला, आणि १९७९ साली युरोपीय संसदेची पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली तेव्हा बहात्तरीच्या उंबरठ्यावर तो निवडून आला. ज्या संसदेला त्या काळी अंदाजपत्रकावरील काही हक्क वगळता जवळपास केवळ सल्लाच देता येई, तिने स्वतःच नव्या संघाचा तह का लिहू नये, असे त्याने विचारले; १९८० च्या जुलैत स्ट्रासबुर्गमधील क्रोकोडाइल नावाच्या खाणावळीत आठनऊ सभासद जमले, त्यांतून एक मंडळ उभे राहिले, मंडळाच्या रेट्याने संसदेची समिती नेमली गेली, आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी संसदेने २३७ विरुद्ध ३१ मतांनी, ४३ सभासद तटस्थ राहिले असता, युरोपीय संघाच्या तहाचा संपूर्ण मसुदा संमत केला. तो सरकारांना बाजूस ठेवून थेट राष्ट्रीय संसदांपुढे न्यावा असा स्पिनेल्लींचा बेत होता. त्यात संघाचे नागरिकत्व होते. जे काम खालच्या पातळीवर नीट होते ते वर ओढू नये हे तत्त्व होते. संसद आणि मंत्रिपरिषद यांनी मिळून कायदे करण्याची पद्धत होती. मूलभूत हक्क तुडविणाऱ्या सदस्य-राष्ट्राविरुद्ध शिक्षेची तजवीज होती. आणि ८२ व्या कलमात, दोन-तृतीयांश लोकसंख्या असलेल्या बहुसंख्य राष्ट्रांनी मान्यता दिल्यास पुढे काय करावे याचा विचार होता.

मुत्सद्दी हसले. मात्र मे महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी त्या मसुद्याच्या प्रेरणेचा स्ट्रासबुर्गमध्ये जाहीर पुरस्कार केला. पुढच्या वर्षी मिलान येथे ब्रिटन, डेन्मार्क आणि ग्रीस यांचा विरोध असताना इटलीचे पंतप्रधान क्राक्सी यांनी मत घेऊन तह-सुधारणेची परिषद बोलाविली. आणि तिच्यातून १९८६ चा ‘एकच युरोपीय कायदा’ नावाचा तह निघाला. स्पिनेल्लींना तो इतका तोकडा वाटला की, हेमिंग्वेच्या कथेतील म्हाताऱ्या कोळ्याचा मासा किनाऱ्याला लागेतो केवळ सांगाडा उरावा तशी आपल्या मसुद्याची गत झाली, असे ते म्हणत. त्याच वर्षी मे महिन्यात ते वारले. पण त्या सांगाड्यावर नंतर मांस चढत गेले, आणि तेही त्यांच्याच मसुद्यातले: नागरिकत्व, सहनिर्णयाची पद्धत आणि ते खालच्या पातळीचे तत्त्व १९९२ च्या मास्ट्रिख्ट तहात आले, हक्कभंग करणाऱ्या राष्ट्राविरुद्धची तरतूद १९९७ च्या आम्स्टरडॅम तहात आली. सरकारांच्या बैठकांनी स्वतःच्या प्रतिभेने जन्माला घातलेल्या कल्पनांची अशी यादी प्रतिपक्षाने अवश्य सादर करावी. चलन सोडल्यास ती फार लांबेल असे मला वाटत नाही.

८२ व्या कलमाची कहाणी तर विनोदी आहे. सर्वांची संमती नसताही तह अमलात यावा, ही संसदेची १९८४ ची कल्पना अव्यवहार्य, किंबहुना बेकायदेशीर, म्हणून झिडकारण्यात आली होती. २ मार्च २०१२ रोजी, युरो-संकटाच्या धामधुमीत, पंचवीस सरकारांनी अंदाजपत्रकी शिस्तीचा जो स्वतंत्र तह केला, त्यात मात्र युरो वापरणाऱ्या बारा राष्ट्रांची मंजुरी मिळताच तो लागू व्हावा असे कलम त्यांनी निमूटपणे घातले. संसदेने सुचविले तर स्वप्नरंजन, आणि सरकारांनी केले तर वास्तववाद!

राहिला गुप्ततेचा मुद्दा, आणि तो मात्र पोकळ नाही. वाटाघाट करणाऱ्याने आपली शेवटची पायरी आधीच जाहीर केली तर समोरचा त्याच पायरीपासून सुरुवात करील, हे खरेच. परंतु त्यावरून सभागृहाला काहीच सांगू नये हा निष्कर्ष निघत नाही. डेन्मार्क १९७३ साली संघटनेत सामील झाले, तेव्हापासून तेथील फोल्केटिंग या संसदेची एक समिती मंत्र्याला ब्रुसेल्सला जाण्यापूर्वी बोलावून घेते, त्याची भूमिका तोंडी ऐकते, आणि त्या भूमिकेविरुद्ध बहुमत नसेल तरच त्याला मुखत्यारी मिळाली असे समजले जाते. या बैठका दीर्घकाळ बंद दाराआडच होत. म्हणजे गुप्तता राहिली आणि जबाबदारीही राहिली. दोहोंत विरोध आहे हा भ्रम मंत्र्यांच्या सोयीचा आहे, इतकेच.

याच डेन्मार्कचे नाव अडवणुकीच्या यादीत नेहमी येते, कारण १९८६ च्या जानेवारीत फोल्केटिंगने एकच युरोपीय कायद्याला नकार दिला, आणि २ जून १९९२ रोजी डॅनिश जनतेने मास्ट्रिख्ट तह ५०.७ टक्के मतांनी फेटाळला. पहिल्या प्रसंगी सरकार लोकमताकडे गेले, ५६ टक्के होकार मिळाला, आणि विरोधकांनी तो शिरसावंद्य मानला. दुसऱ्या प्रसंगाची हकिकत अधिक बोधप्रद आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. तह तर मोडला होता. उरलेली अकरा राष्ट्रे त्यातील अक्षरही बदलण्यास तयार नव्हती. कोपनहेगनचे सरकार गोंधळले होते. अशा वेळी मार्ग काढला तो विरोधी बाकांवरील पक्षांनी. ज्या समाजवादी लोकपक्षाने तहाविरुद्ध प्रचार केला होता तोच सोशल डेमोक्रॅट आणि रॅडिकल यांच्यासह बसला, जनतेला नेमके काय नको आहे ते त्यांनी शोधून काढले, सामाईक चलन, सामाईक संरक्षण, संघाचे नागरिकत्व आणि न्याय-गृह व्यवहार यांत डेन्मार्कला सवलत मागणारा मसुदा तयार केला, आणि १९९२ च्या ऑक्टोबरात फोल्केटिंगमधील आठांपैकी सात पक्षांनी त्याला संमती दिली. सरकारने तो जवळपास जसाच्या तसा उचलून डिसेंबरात एडिंबरो येथे नेला आणि तेथे तो मान्य झाला. पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या लोकमतात ५६.७ टक्के लोकांनी होकार दिला. मुत्सद्द्यांना सुटत नसलेली गाठ एका लहानशा देशाच्या लोकप्रतिनिधींनी सोडविली. ही अडवणूक असेल तर तिची अधिक गरज आहे. तशीच तक्रार जर्मनीच्या घटना-न्यायालयाविरुद्धही झाली, जेव्हा ३० जून २००९ च्या निवाड्यात त्याने संघाचे मूळ तह सुधारणारा लिस्बन तह मान्य केला पण बुंडेस्टाग आणि बुंडेसराट या गृहांचा सहभाग सुनिश्चित करणारा कायदा आधी करा असे बजावले. तो कायदा सप्टेंबरात झाला आणि त्याच महिन्यात जर्मनीची मंजुरी रोमला पोचली. तीन महिनेही लागले नाहीत.

मी आतापर्यंत ज्यांचे खंडन केले त्यांच्यापेक्षा एक आक्षेप वजनदार आहे. २००५ साली युरोपच्या घटना-तहाला बुंडेस्टागने ५६९ विरुद्ध २३ मतांनी पाठिंबा दिला. फ्रान्सच्या दोन्ही गृहांच्या व्हर्सायमधील संयुक्त बैठकीने त्या तहासाठी स्वतःच्या घटनेत दुरुस्ती केली ती ७३० विरुद्ध ६६ मतांनी. आणि तीनच महिन्यांनी, २९ मे रोजी, फ्रेंच मतदारांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनी तो तह नाकारला, तर तीन दिवसांनी नेदरलंड्समध्ये ६१.५ टक्क्यांनी. ज्या संसदांना स्वतःच्या मतदारांचे मन इतकेही कळत नाही, त्यांच्या चर्चेला किंमत ती काय, असे प्रतिपक्ष विचारतो, आणि या प्रश्नाला मी टाळणार नाही.

हा पराभव संसदांचाच होता. पण तो अति चर्चेचा नव्हता. त्या तहाचा मसुदा करण्यासाठी २००२ च्या फेब्रुवारीत जे कन्व्हेन्शन भरले, त्याचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ होते आणि सभासद १०५. त्यांपैकी ५६ राष्ट्रीय संसदांतून आणि १६ युरोपीय संसदेतून आलेले, म्हणजे बहुमत लोकप्रतिनिधींचे. कागदावर याहून लोकशाहीवादी मंडळ सापडणार नाही. प्रत्यक्षात मात्र हे सभासद आपापल्या सभागृहाकडून काही आदेश घेऊन गेलेले नव्हते. कन्व्हेन्शनमध्ये मतदान होत नसे, कलमांची घडण अध्यक्षीय मंडळ करी, आणि सर्वसंमती झाल्याचे अध्यक्ष जाहीर करीत. संसद-सभासद हजर होते. संसद हजर नव्हती. घरी परतल्यावर त्यांनी तयार ग्रंथ सभागृहाच्या टेबलावर ठेवला, सभागृहांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि सुतार व नळदुरुस्तीवाले पूर्व युरोपातून येऊन आमची मजुरी पाडतील काय, हा सामान्य फ्रेंच माणसाचा प्रश्न ज्या जागी विचारला जावयास हवा होता तेथे पुरेसा न विचारला गेल्याने मतपेटीत जाऊन पडला. विरोधाचे प्रमाण सभागृहात बाराजणांत एक आणि बाहेर दोघांत एकाहून अधिक, असे होते तेव्हा सभागृहाने आपले काम केलेले नसते. ब्रिटनने १९७२ साली प्रवेशाचे बारा कलमी विधेयक एकही दुरुस्ती न स्वीकारता समितीतून पार नेले होते, त्याचीही येथे आठवण व्हावी. संसदांचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्याने हे म्हटलेच पाहिजे की, संसदांचे अधिकार जितके सरकारांनी हिरावले त्याहून अधिक संसदांनी स्वतःच्या आळसाने आणि पक्षादेशाच्या धाकाने टाकून दिले आहेत. प्रत्येक राष्ट्रीय संसदेला लिस्बन तहाने युरोपीय विधेयकांवर आठ आठवड्यांत हरकत घेण्याचा हक्क दिला; पुरेशी मते जमवून ‘पिवळे कार्ड’ दाखविण्याचे प्रसंग मात्र अवघे तीनच, २०१२, २०१३ आणि २०१६ साली, आले.

आता चालू प्रकरणाकडे वळतो. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी युरोपीय संसदेने तहांत व्यापक दुरुस्त्या सुचविणारा ठराव केला: अनेक विषयांत एकमताची अट काढून बहुमत आणावे, कायदा सुचविण्याचा हक्क संसदेला मिळावा, युरोपीय आयोगाचे पंधरा जणांचे कार्यकारी मंडळ व्हावे, आणि या सर्वांच्या विचारार्थ कन्व्हेन्शन भरवावे. अनुकूल मते २९१, प्रतिकूल २७४, तटस्थ ४४. स्पिनेल्लींच्या २३७ विरुद्ध ३१ शी याची तुलना करावी, म्हणजे या ठरावाचे दौर्बल्य ध्यानात येईल. ७०५ सभासदांच्या गृहात निम्म्याहून कमी मतांवर उभी असलेली सूचना अखिल युरोपचा कौल म्हणून मिरविणे शोभत नाही. पण तिचे दौर्बल्य हे ती चर्चेस न घेण्याचे कारण कसे होते, हे मला उमगत नाही. तेरा राष्ट्रांच्या सरकारांनी तर त्यापूर्वीच, ९ मे २०२२ रोजी, म्हणजे युरोपच्या भवितव्यावरील नागरिकांच्या परिषदेने आपल्या ४९ सूचना सादर केल्या त्याच दिवशी, तहांना हात लावण्याची घाई नको असे संयुक्त टिपण काढून दरवाजा लोटून घेतला होता.

कार्यकारी मंडळ पंधरा जणांचे करावे, ही एकच सूचना घ्या. आयर्लंडने १२ जून २००८ रोजी लिस्बन तह फेटाळला, तेव्हा लहान देशाचा आयुक्त जाईल ही एक मोठी धास्ती होती. तेथील संसदेच्या उपसमितीने साक्षीपुरावे घेऊन अहवाल दिला, युरोपीय परिषदेने प्रत्येक राष्ट्राचा आयुक्त कायम राहील असे वचन दिले, आणि त्या वचनाच्या भरवशावर २ ऑक्टोबर २००९ रोजी ६७ टक्के आयरिश मतदारांनी होकार दिला. आता युरोपीय संसद म्हणते की ते वचन मागे घ्यावे. कदाचित तिचे बरोबरही असेल. सत्तावीस आयुक्तांना पुरेल एवढे काम शोधण्यातच आयोगाची बरीच शक्ती खर्ची पडते. पण हा सवाल-जवाब डब्लिनच्या डॉल या गृहात व्हावयास नको काय? १९८७ साली आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एकच युरोपीय कायद्याच्या प्रकरणी असे ठरविले होते की, परराष्ट्रधोरणातील स्वातंत्र्य बांधून टाकण्याचा अधिकार सरकारला नाही, तो जनतेकडूनच घ्यावा लागेल. तेव्हापासून तेथे मोठा तह म्हणजे लोकमत हे समीकरण झाले. ज्या देशात शेवटचा शब्द जनतेचा आहे, त्या देशात पहिली चर्चा सभागृहाने टाळली तर ती प्रचाराच्या भिंतीपत्रकांवर होते. योगायोग असा की, युरोपीय संसदेने युरोपच्या भवितव्यावर राष्ट्र व सरकार-प्रमुखांना बोलाविण्याचा जो उपक्रम सुरू केला, त्याचे पहिले भाषण १७ जानेवारी २०१८ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये केले ते आयर्लंडच्या पंतप्रधानांनी, ज्यांच्या वडिलांचे मूळ घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, त्या लिओ वराडकर यांनी. त्या वेळी आपल्याकडील वृत्तपत्रांनी वराडकरांच्या कोकणी मुळांवर रकाने लिहिले; ते कशावर बोलले याची दखल फारशी घेतली गेली नाही.

युक्रेन आणि मॉल्डोव्हा यांना २०२२ च्या जूनमध्ये उमेदवार-राष्ट्रांचा दर्जा मिळाला आहे, आणि तीस-पस्तीस राष्ट्रांचा संघ एकमताच्या जुन्या नियमांवर कसा चालावा हा प्रश्न आता कोणालाही टाळता येणार नाही. त्यावर सरकारे म्हणतात की, तह न बदलताच, आहेत त्या कलमांतील पळवाटांनी, काही विषय बहुमताकडे वळवू. हे शक्य आहे. पण लिस्बन तहाने सुधारलेल्या युरोपीय संघाच्या तहातील ४८ व्या कलमाने त्या वाटेवरही पहारा बसविला आहे, कारण अशा बदलाला कोणत्याही एका राष्ट्रीय संसदेने सहा महिन्यांत हरकत घेतली तर तो बारगळतो. त्यापेक्षा कन्व्हेन्शनचा राजमार्ग अधिक सोपा आहे. तह बदलण्यास सर्व सत्तावीसांची संमती लागते हे सांगून कन्व्हेन्शनची मागणी बाजूस सारणारे पंतप्रधान त्याच कलमातील दुसरे वाक्य सांगत नाहीत: कन्व्हेन्शन बोलाविण्यास एकमत लागत नाही, साधे बहुमत पुरते, आणि बदल किरकोळ असल्याच्या सबबीवर ते टाळावयाचे असेल, तर त्यासाठी युरोपीय संसदेची संमती घ्यावी लागते. सुधारणेचा दरवाजा बंद ठेवण्याचा अधिकार एका सरकारला आहे, चर्चेचा नाही. त्यासाठी सत्तावीसांपैकी चौदा हात वर व्हावे लागतात, आणि ते चौदा हात कोणाचे असावेत हे त्या त्या देशाच्या संसदेने आपल्या पंतप्रधानाला ब्रुसेल्सचे विमान गाठण्यापूर्वी विचारावे.